भाग : हितसंबंधी गट म्हणजे काय? अमेरिकेतली ‘लॉबी’ आणि आपली पेन्शन

 

मागच्या भागानंतर एकच प्रश्न वारंवार आला. अमेरिकेच्या बातम्यांत ‘लॉबी’ हा शब्द सारखा येतो, तो काय प्रकार आहे? पैसे चारून कायदे करून घेणे, एवढाच त्याचा अर्थ आहे का?

तसं नाही. समान मागणी असलेली माणसं एकत्र येतात आणि स्वतः निवडणूक न लढवता सरकारच्या निर्णयावर दबाव आणतात, तेव्हा तो हितसंबंधी गट होतो. पक्षाला सत्ता हवी असते. गटाला आपलं काम व्हायला हवं असतं. सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेत 1791 च्या पहिल्या दुरुस्तीनेच दिला आहे. 1995 च्या कायद्याप्रमाणे धंदेवाईक लॉबीवाल्यांना नोंदणी करावी लागते आणि कोणासाठी काम करतो, किती पैसे मिळाले, हे जाहीर करावं लागतं. आपल्याकडे असा कायदा नाही. म्हणजे दबाव आपल्याकडेही असतो, फक्त त्याची वही नसते.

मी फौजी, म्हणून उदाहरण फौजेचंच देतो. पहिल्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकी सैनिकांना 1924 च्या कायद्याने बोनस मंजूर झाला, पण बहुतेकांना तो 1945 मध्ये मिळायचा होता. मंदीत पोटाला चिमटा बसला, तेव्हा 1932 साली हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनमध्ये तंबू ठोकून बसले. 28 जुलैला जनरल मॅकार्थर यांच्या हाताखालच्या फौजेने त्यांना हुसकावलं. सैनिकांनीच सैनिकांना! पुढे 1944 मध्ये ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेने कायद्याचा मसुदा स्वतः लिहिला, प्रतिनिधींच्या मागे लागून तो मंजूर करून घेतला. तोच जीआय बिल. त्यातून लाखो सैनिकांना शिक्षण आणि घरकर्जाला आधार मिळाला. मागणाऱ्यांची गरज दोन्ही वेळा खरी होती. दुसऱ्या वेळी मात्र देशभर शाखा असलेली संघटना होती, हातात तयार मसुदा होता आणि मागे मतांचं वजन होतं.

आता आपल्याकडे या. ‘एक हुद्दा, एक पेन्शन’ म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवा असेल, तर निवृत्ती कधीही झालेली असो, पेन्शन सारखी. त्यासाठी माजी सैनिकांनी पदकं परत केली. 2011 मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीने मागणी उचलून धरली. 15 जून 2015 पासून जंतरमंतरवर धरणं सुरू झालं. 5 सप्टेंबरला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी घोषणा केली. योजना 1 जुलै 2014 पासून लागू, आणि फेरआढावा दर पाच वर्षांनी. मागणी दर वर्षीची होती. म्हणजे घासाघीस झाली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं धोरण वैध ठरवलं, पण 1 जुलै 2019 पासूनची फेरनिश्चिती करायला सांगितली.

या योजनेचा लाभ मलाही मिळतो. म्हणूनच पुढच्या दोन गोष्टी सांगणं माझं कर्तव्य आहे.

पहिली. गटाच्या आतही गट असतात. 2023 मध्ये जवान आणि जेसीओ त्याच जंतरमंतरवर बसले. सुधारणेत अधिकाऱ्यांना झुकतं माप मिळालं, अशी त्यांची तक्रार होती. अर्ज लिहिता येतो, दिल्लीत ओळखी असतात, त्याचा आवाज आधी पोचतो. आम्ही अधिकाऱ्यांनी हे मोकळेपणी कबूल करायला हवं.

दुसरी. आमच्या उतईला सीआयएसएफचं प्रशिक्षण केंद्र आहे. पहाटे ती पोरं धावताना दिसतात. वर्दी त्यांच्याही अंगावर आहे. पण ‘एक हुद्दा, एक पेन्शन’ फक्त तिन्ही सैन्यदलांना. 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या नोकरीत येणाऱ्यांना नवी पेन्शन योजना लागू झाली. तिच्यातून सैन्यदलं वगळली गेली, निमलष्करी दलं नाहीत. सेवेच्या अटी वेगळ्या, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण सगळा फरक त्यानेच पडला, असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी बोलणारा गट आमच्याइतका जोरकस नव्हता, हेही कारण आहे.

तेव्हा हितसंबंधी गट वाईट की चांगले, हा प्रश्न अपुरा आहे. गट नसते तर आमची फाईल धूळ खात पडली असती. पण ज्यांचा गट नाही, त्यांची फाईल आजही तिथेच पडली आहे. कुठलीही मागणी मान्य झाल्याची बातमी वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा : कोण बोललं? कोणाच्या नावाने बोललं? आणि त्या खोलीत कोण नव्हतं?

तुमच्या गावात असा न बोललेला गट कोणता, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.