इंजिन बदललं; आता ऑइलची नळी किती जाड घ्यायची?

आजचा विषय वरवर किरकोळ वाटेल. ऑइलची नळी! पण ती चुकली की लाखो रुपये घालून बसवलेलं इंजिन बेअरिंगपासून बिघडायला लागतं, आणि बिघडतंय हे लवकर कळतही नाही.

उदाहरण घेऊ माझदा आरएक्स-७ चं, तिसऱ्या पिढीची गाडी, १९९२ ते २००२ या काळातली. तिच्यात मुळात १.३ लिटरचं रोटरी इंजिन असतं. ते काढून बरेच हौशी लोक जनरल मोटर्सचं व्ही-८ बसवतात, समजा ५.७ लिटरचं एलएस-१. रोटरीसाठी गाडीत पुढे ऑइल कूलर आधीच असतो. मग वाटतं, कूलर आहे, नळ्या आहेत, जोडून टाकू. इथे जरा थांबायचं.

आधी मापं समजून घेऊ. या फिटिंगला 'एएन' क्रमांक असतो. क्रमांक म्हणजे इंचाचे सोळावे भाग. एएन-८ म्हणजे ८/१६, अर्धा इंच. एएन-१० म्हणजे ५/८ इंच. पण हे माप धातूच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचं आहे बरं का! होजचं आतलं भोक त्याहून लहान असतं: एएन-८ ला साधारण ११ मिलिमीटर, एएन-१० ला १४ आणि एएन-१२ ला साडेसतराच्या आसपास.

आता म्हणाल, ११ आणि १४ मध्ये फरक तो केवढा? तीनच मिलिमीटर. पण ऑइल संथ, थरांनी वाहत असतं तेव्हा दाबातली घट व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. १४ भागिले ११, त्याचा चौथा घात करा. उत्तर येतं २.६. म्हणजे तेवढंच ऑइल तेवढ्याच लांबीतून न्यायला एएन-८ मध्ये अडीचपटीहून जास्त दाब खर्च होतो.

आणि हा खर्च सगळ्यात जास्त कधी? गाडी ट्रॅकवर तापलेली असताना नाही, तर सकाळी पहिल्यांदा चालू करताना. थंडीत काकवी ओतून बघा, म्हणजे कळेल. २० अंशाला ऑइलची श्यानता, म्हणजे घट्टपणा, २५० मिलिपास्कल-सेकंद धरू. जाऊन-येऊन नळी २ मीटर, प्रवाह मिनिटाला १० लिटर. एएन-१० मध्ये सुमारे ०.९ बार दाब जातो, एएन-८ मध्ये सुमारे २.३ बार. यात कूलर आणि कोपरे धरलेलेच नाहीत. तुलनेसाठी सांगतो: इंजिन गरम असताना एलएस-१ ला ४००० आरपीएमवर कंपनीने सांगितलेला किमान दाब २४ पीएसआय आहे, म्हणजे साधारण १.६५ बार.

मग पंप काय करतो? त्याच्यातला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल बेअरिंगकडे जायच्या ऐवजी तिथल्या तिथे फिरतं.

आता खरी गंमत. एलएसचा मूळ प्रेशर सेन्सर इंजिनच्या मागच्या बाजूला, फिल्टरच्या पुढच्या टप्प्यावर असतो. बदललेल्या गाडीत तिथे हात पोचत नाही, म्हणून लोक सेन्सर कूलर अडॅप्टरवर लावतात. तो कूलरकडे जाणाऱ्या बाजूला लागला, तर गेज नळीच्या आधीचा दाब दाखवतं. काटा वर, मालक खूश, आणि बेअरिंग मात्र उपाशी! सेन्सर नेहमी कूलरवरून परत आलेल्या बाजूला, शक्यतो इंजिनच्या मूळ जागीच ठेवा.

म्हणून नळी निवडताना पहिला प्रश्न विचारायचा: या नळीत ऑइलला ढकलतंय कोण? कूलरच्या नळीत पंप ढकलतो; तिथे एएन-१० योग्य. टर्बोला ऑइल पुरवणारी नळी एएन-४ चालते, कारण दाब आहे आणि ऑइल थोडंच लागतं. पण त्याच टर्बोतून ऑइल खाली येतं ते फक्त वजनाने, वर फेसाळलेलं. तिथे एएन-१० आणि सतत उतार हवा. ड्राय संपमध्ये टाकीतून पंपाकडे येणाऱ्या नळीत ढकलायला असतो मुख्यतः हवेचा दाब, म्हणजे जेमतेम १ बार. तिथे एएन-१२ किंवा त्याहून मोठी.

'मग सगळीकडे मोठीच घालू की!' असंही नको. एएन-१२ जाड असते, अरुंद जागेत वळत नाही. जबरदस्तीने वळवली तर चिमटते. कूलर फारच लांब असेल तरच तिचा विचार करा. कोपऱ्यांना काटकोनात छिद्र पाडलेल्या फिटिंगपेक्षा गोलसर वळणाची नळी असलेली घ्या. आणि मध्ये ऑइल थर्मोस्टॅट बसवा. थंड असताना बहुतेक ऑइल कूलरला वळसा घालून परत येतं. मात्र तोही इंजिनच्या जवळ हवा. कूलरपाशी बसवला तर लांब नळी वाटेत तशीच राहते.

शेवटचं एक. दोन मीटर एएन-१० मध्ये सुमारे ३०० मिलिलिटर ऑइल मावतं, कूलरमधलं वेगळं. पहिल्यांदा इंजिन चालवून बंद केलं की डिपस्टिक पुन्हा बघा. तेवढं ऑइल संपमधूनच गेलेलं असतं.