बिगुल आणि खांडववन

बेळगावच्या कॅम्प भागात राहणाऱ्यांना बिगुलाचे नवल नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून येथे आहे, आणि निपाणी, चंदगड, खानापूर या पट्ट्यातील कित्येक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाण्याची रीत आहे.

सुमारे सोळा वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या एका खेड्यात अशाच एका जवानाच्या अंत्यविधीस मी उपस्थित होतो. त्याचा दीड वर्षाचा मुलगा माझा रुग्ण. गोवराची लस मीच टोचलेली. मानवंदनेच्या फैरी झडल्या तेव्हा ते बालक चुलत्याच्या खांद्यावर दचकून जागे झाले व किंचाळले. पाठोपाठ बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’चे सूर निघाले आणि रडे थांबवून ते टक लावून तिकडे पाहू लागले. जमलेल्या बायाबापड्यांना हुंदका आवरेना झाला तो त्या क्षणी.

पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका वर्गमित्राने कार्ल जेन्किन्स या वेल्श संगीतकाराच्या ‘द आर्म्ड मॅन : अ मास फॉर पीस’ या वृंदगानाची सीडी दिली. रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयाने नव्या सहस्रकानिमित्त ते करवून घेतले. (शस्त्रे जपणाऱ्यांनी शांतिगान मागावे, याची मला मोठी गंमत वाटली.) कोसोव्होतील युद्धबळींना अर्पण केलेल्या या रचनेचा पहिला प्रयोग २५ एप्रिल २००० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला. गायला होता तेथील राष्ट्रीय युवक वृंद.

आपला कान एका गळ्याच्या गाण्यावर पोसलेला. कुमार गंधर्व तर आपल्याच सुळेभावीचे. भजनी मंडळात पन्नास जण गायले तरी सूर एकच. येथे मात्र चार थरांचे आवाज एकाच वेळी निरनिराळ्या स्वरांवरून चालतात. प्रथम मला तो गोंगाटच वाटला, हे प्रांजळपणे नमूद करतो.

तेरा भागांच्या या रचनेत जुने फ्रेंच लष्करी गीत आहे, अजान आहे, लॅटिन प्रार्थना आहेत. सातव्या भागात रणवाद्यांचा जल्लोष वाढत जातो आणि अखेर सारा वृंद अक्षरशः किंकाळ्या फोडतो. मग दीर्घ शांतता. आणि त्या शांततेतून ‘लास्ट पोस्ट’. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. त्या खेड्यातले ते बालक डोळ्यांपुढे आले.

त्यानंतर हिरोशिमातून वाचलेल्या व १९५३ साली अवघ्या छत्तिसाव्या वर्षी निवर्तलेल्या तोगे सान्किची या कवीची कविता येते. आणि लगेच, आश्चर्य म्हणजे, आपले महाभारत! तेही कुरुक्षेत्र नव्हे, स्त्रीपर्वातील गांधारीचा विलापही नव्हे, तर आदिपर्वातील खांडववनाचे दहन. तेथे होरपळणारे बहुतेक जीव कोणाशीही लढत नव्हते.

लहानपणी चातुर्मासात ‘पांडवप्रताप’ ऐकताना या प्रसंगी आम्हां मुलांना कौतुक होते अर्जुनाला मिळालेल्या गांडीवाचे. जळणाऱ्या प्राण्यांकडे लक्ष गेलेच नाही. व्यासांचे मात्र गेले होते. आपल्या पिलांना कवटाळून बसलेले आणि त्यांना सोडून जाणे न जमल्याने तेथेच प्राण सोडणारे जीव त्यांनी टिपले आहेत. पुढे जरिता पक्षिणीची कथा येते. पंख न फुटलेली तिची चार पिलेच तिला विनवतात, की तू तरुण आहेस, तुला पुन्हा मुले होतील, तू उडून जा. त्या वणव्यातून सहाच जीव वाचले. त्यांत ही चार. बालरोगतज्ज्ञ झाल्यावर हे आख्यान मी पुन्हा वाचले, तेव्हा त्या ओळींपाशी बराच वेळ थांबलो. युद्धबळींचे गाणे करताना परदेशी कलावंतांना जे दिसले, ते आमच्याच पोथीत होते.

गेल्या महिन्यात तो मुलगा आजोबांबरोबर दवाखान्यात आला. साडेसतरा वर्षांचा, ओठांवर मिसरूड फुटलेली. अग्निवीर भरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करतो म्हणाला. छाती पाच सेंटिमीटर फुगायला हवी, तेवढी मोजून द्याल का, एवढेच त्याचे काम होते. मी टेप घेतला. आजोबा खिडकीबाहेर पाहत होते.

“साडेपाच भरली,” मी म्हणालो.