गाडीचेही माप घ्यावे

नवी गाडी दारात आली की आपण तिला हार घालतो, पेढे वाटतो आणि शोरूममध्ये जशी सीट होती तिच्यावरच बसून निघतो. शिंप्याकडचा सदरा मात्र घालून पाहिल्याशिवाय घरी आणत नाही.

सुरुवात पायांपासून करावी. कंबर सीटच्या पाठीला पुरती टेकवून क्लच तळापर्यंत दाबावा. गुडघा किंचित वाकलेला राहिला, तर अंतर बरोबर. खांदे टेकलेले असतानाच हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावे. मागची उशी डोक्याच्या माथ्याइतकी उंच हवी. मागून धक्का बसला तर मानेला तिचाच आधार. आरसे शेवटी लावावेत, कारण बैठक बदलली की त्यांतले दृश्यही बदलते.

हा नुसता आरामाचा प्रश्न नाही. जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाडीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. पापणी लवण्याआधी ती जोराने फुगते. म्हणून छाती स्टिअरिंगपासून निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी अधिक, दूर हवी. आमची सून उंचीने लहान. माझ्या मापाच्या सीटवर तिचे पाय पोहोचत नाहीत आणि काठावर सरकून बसले, तर छाती स्टिअरिंगला भिडते. म्हणून ती आधी सीट पुढे घेते, वर उचलते आणि पाठ थोडी मागे कलवते. पाय पोहोचतात, छातीही दूर राहते.

दोन मिनिटांचे काम आहे. पहिल्या फेरीआधी घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला असे बसवून पाहा.