स्नायू, चेता आणि त्यांच्यामधली फट

माणसाच्या शरीरात सांगाड्याला जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू असतात. प्रौढ माणसाच्या वजनाचा साधारण 40 टक्के भाग त्यांचाच असतो. स्नायूला एकच काम येते: आखडणे आणि आखडताना हाड ओढणे. ढकलणे त्याला जमत नाही. म्हणून बहुतेक सांध्यांवर स्नायूंच्या जोड्या असतात. एक ओढतो तेव्हा समोरचा सैल सुटतो. केव्हा ओढायचे आणि किती जोराने, हा निरोप चेता आणतात. बोलीत चेतेलाही नस म्हणतात आणि रक्तवाहिनीलाही. पण चेतेतून रक्त वाहत नाही, विद्युत संदेश धावतो.

हा संदेश कसा पोहोचतो ते ऊसतोडीत नीट दिसते. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, गोदावरीकाठच्या शहागड परिसरात उसाचे फड आहेत. तोडणारा कमरेत वाकतो, डाव्या मुठीत ऊस धरतो आणि उजव्या हाताने बुडाशी कोयत्याचा घाव घालतो. उजव्या हाताचा आदेश मेंदूच्या डाव्या भागातून निघतो, मेंदूच्या तळाशी बाजू बदलून मज्जारज्जूत उतरतो आणि मानेच्या मणक्यांमधून निघणाऱ्या चेतांवाटे खांद्यात, दंडात आणि पुढे बोटांपर्यंत जातो. हातातल्या चेतांमध्ये त्याचा वेग सेकंदाला 50 ते 60 मीटर असतो. घाव खाली येताना दंडामागचा स्नायू आखडून कोपर सरळ करतो आणि पुढची बेटकुळी सैल पडते. कोयत्यावर मूठ आवळणारे मुख्य स्नायू तर हाताच्या पंज्यात नसतातच. मूठ आवळून दुसऱ्या हाताने कोपराखाली चाचपले, की ते तिथे टणक झालेले लागतात. तिथून निघालेल्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात.

संदेश उलट दिशेनेही येतात. स्नायू किती ताणला गेला, सांधा किती वाकला, ही खबर मज्जारज्जूला सतत मिळत असते. म्हणूनच तोडणाऱ्याला आपल्या कोपराकडे पाहावे लागत नाही. पायात बाभळीचा काटा रुतला तर मज्जारज्जूच परस्पर पाय मागे घेण्याचा हुकूम सोडतो. वेदना मेंदूला कळते तोवर पाय उचललेला असतो.

स्नायू हा तंतूंचा जुडगा असतो. प्रत्येक तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे अतिसूक्ष्म धागे आळीपाळीने रचलेले असतात. संदेश येताच तंतूत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते आणि मायोसिनची टोके ॲक्टिनला पकडून रस्सीखेचीसारखी खेचू लागतात. धागे स्वतः आखूड होत नाहीत. ते एकमेकांत सरकतात, म्हणून स्नायू आखडतो. या खेचण्याला एटीपी या रेणूतली ऊर्जा लागते आणि पकड सोडवायलाही तीच लागते. मृत्यूनंतर एटीपी संपते, पकड सुटत नाही आणि देह ताठरतो.

चेतेचे टोक स्नायूला चिकटलेले नसते. दोघांत मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी फट असते. वीज ही फट ओलांडत नाही. चेतेच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन सुटते, पलीकडच्या ग्राहकांना चिकटते आणि स्नायू जागा होतो. काम झाले, की एक विकर ते रसायन क्षणार्धात मोडून टाकते, नाहीतर स्नायू सैल पडणार नाही.

नाग आणि मण्यार यांचे विष नेमके इथेच घात करते. नागाचे विष स्नायूवरचे ग्राहक अडवून बसते. मण्यारीचे विष मुख्यतः चेतेची टोकेच निकामी करते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाच्या जागी दुखणे वा सूज जवळजवळ नसते. मग पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासपटल थांबते. रुग्ण शुद्धीवर असूनही हात हलवू शकत नाही, कारण मेंदूचा आदेश फट ओलांडत नाही. नागदंशात निओस्टिग्मिन हे औषध ॲसिटिलकोलिन टिकवून उपयोगी पडते. मण्यारीच्या दंशात त्याचा भरवसा धरता येत नाही. प्रतिविष लवकर मिळाले तरच पुढचे नुकसान टळते. म्हणून दंशाची शंका आली किंवा पापणी जड झाली, की एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे. कृत्रिम श्वास चालू ठेवला तर टोके पुन्हा तयार होतात आणि माणूस वाचतो.

कपाशीवर फवारली गेलेली मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशके उलटा घात करतात. ती ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या विकरालाच बांधून ठेवतात. रसायन साचत जाते. लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात आणि मग लुळे पडतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हे विष कातडीतूनही आत जाते. तोंडाला नुसता रुमाल बांधून ते अडत नाही.

हृदय, आतडी आणि रक्तवाहिन्या यांचे स्नायू इच्छेने चालत नाहीत. त्यांच्यावर स्वायत्त चेतांचा अंमल असतो. लाल विंचवाचे विष या चेतांना बेफाम उत्तेजित करते. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. जालना जिल्ह्यातल्याच देहेड गावात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड भागात असे रुग्ण पाहिले आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन त्यांच्यावर वापरले. त्यामुळे असंख्य जीव वाचले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चेता तुटली तर निरोपाची वाटच बंद होते. निसटलेला कोयता ऊस धरलेल्या डाव्या हातावर बसला, तर कातडी आणि कंडरेबरोबर चेताही चिरली जाते. मज्जारज्जूतले तंतू पुन्हा जुळत नाहीत, पण हातातली चेता वेळेवर शिवली तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत पोहोचायला तिला सहा महिने लागू शकतात. तोवर रिकामे पडलेले स्नायू झिजतात आणि सांधे आखडतात. म्हणून शिवणाइतकीच रोजच्या व्यायामाचीही गरज असते. बोटांना स्पर्श कळू लागला, की चेता टोकापर्यंत आली असे समजावे.