ऑपरेशननंतरचं ताट

‘‘तुझं काय बाई, ऑपरेशन केलंस आणि सुटलीस!’’ वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकीला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. लग्नात, हळदीकुंकवाला, भाजीबाजारात. बोलणारीच्या मनात वाईट काही नसतं. तिला खरंच वाटतं, की अंगावरची गाठ काढावी तसं हे ऑपरेशन. एकदा झालं की विषय संपला. पण मैत्रिणींनो, ऑपरेशन दोनेक तासांत आटोपतं. त्यानंतर रोज जेवायला बसलं की तो विषय नव्यानं समोर येतो, आणि आयुष्यभर येत राहतो.

मी २०१९ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा वजन ११४ किलो होतं, मधुमेह होता आणि गुडघे तर जिना बघूनच दुखायला लागायचे. आज वजन ७९ आहे. बचत गटांच्या कामानिमित्त बार्शी आणि आजूबाजूच्या गावांत माझं फिरणं असतं. त्यातून ‘माझंही झालंय हो’ असं हळूच कानाशी सांगणाऱ्या बायका भेटत गेल्या. आता आम्ही नऊ जणी आहोत. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमतो. डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी सांगितलेलं प्रत्येकीच्या घरात, प्रत्येकीच्या चुलीपुढे कसं बसवायचं, हे आम्ही एकमेकींकडून शिकतो.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार जास्त चालतात. एकात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि उरलेलं जठर केळ्याच्या आकाराचं, अरुंद होतं. त्याला स्लीव्ह म्हणतात. माझं हेच झालं. दुसऱ्यात जठराची अगदी छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. तो बायपास. अमेरिकेतले डॉक्टर एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये बायपासची सुरुवात केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. आमच्याकडे अनेकांच्या कानावर हे नाव पहिल्यांदा पडलं ते २०११ मध्ये, नितीन गडकरींनी ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा.

ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे बाळंतिणीसारखे जपायचे असतात. आधी नुसतं पाणी, डाळीचं वरचं पाणी, गाळलेलं सूप. मग ताक, दूध. मग मऊ, घोटलेलं. गुरगुट्या भात, मुगाची पातळ खिचडी. साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, पण अर्ध्या-पाऊण वाटीच्या मापानं. प्रत्येक डॉक्टरांचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, तेव्हा शेजारणीचं बघून आपलं पुढे ढकलू नका.

खरा बदल होतो तो ताटातल्या क्रमात. पोटात जागा एवढीशी, आणि शरीराला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यातून सहाएक ग्रॅम मिळतात, शंभर ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास. आता हिशेब करा! भाकरीनंच पोट भरलं तर हा आकडा कधी गाठायचा? म्हणून आमच्या ताटात आधी मटकीची उसळ, पिठलं, अंडं, पनीर, खाणारीसाठी मासे किंवा चिकन. मग भाजी. आणि जागा उरली तर शेवटी ज्वारीच्या भाकरीचा चतकोर. प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात, थकवा येतो. ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांनी केस मुठीमुठीनं गळतात, ते झपाट्यानं वजन उतरल्यामुळे. बहुतेकींचे परत येतात, पण जेवण नीट नसेल तर ते गळणं लांबतं.

घास छोटा, आणि तोंडात त्याचं पार पीठ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोट-घोट. दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी असंच घोटाघोटानं पोटात गेलं पाहिजे. गोडाचंही तसंच. विशेषतः बायपास झालेलीनं श्रीखंड, बासुंदी, शिरा असं गोड खाल्लं तर ते आतड्यात एकदम उतरतं. मग घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळा येऊन जुलाब होतात.

आणि एक गंमत बघा. उसळ-भाकरी चार घासांत पोट भरवते. पण फरसाण, चिवडा, चहात बुडवलेली बिस्किटं? ती या छोट्या जठरातूनही सुळकन पुढे सरकतात. वाटीभर संपतात आणि पोट भरल्यासारखंही वाटत नाही. ऑपरेशन होऊनही वजन पुन्हा चढण्याची एक मोठी वाट ही इथूनच जाते. आमच्या बैठकीत आम्ही याला ‘ताटाबाहेरचं खाणं’ म्हणतो. लेकराच्या ताटात उरलेला घास, पातेल्याच्या कडेचा भात, ‘वाया जायला नको’ म्हणून तोंडात टाकलेलं अर्धं धपाटं. अन्न टाकू नये हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं. पण बायांनो, घरातलं उरलंसुरलं संपवण्याची जागा आपलं पोट नव्हे.

उपवासांचं काय, हा प्रश्न तर दर बैठकीला निघतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिनं नावालाच. हरतालिकेचा निर्जळी उपवास तर आमच्यासारख्यांना धोक्याचा. इतरांना दुसऱ्या दिवशी गटागटा पाणी पिऊन भरपाई करता येते, आम्हाला एका वेळी दोन-तीन घोटांपलीकडे जमत नाही. आमच्यातल्या जवळजवळ सगळ्या जणी उपवास करतात, पण ताक, दही, पनीर, दुधातली राजगिऱ्याची लापशी यांवर. पाणी कुणीच सोडत नाही. देवीला आपली लेक आजारी पडलेली आवडेल का, असं आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या मावशी विचारतात, आणि तिथे वाद संपतो.

आता गोळ्यांबद्दल. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभराचं काम आहे. जठर लहान झालं की बी-१२ शोषून घेण्याची सोय कमी होते, आणि शाकाहारी बाईला जेवणातूनही ते कमीच मिळतं. आमच्या गटातल्या एकीनं वर्षभरानंतर गोळ्या बंद केल्या. ‘आता मी बरी आहे, दर महिन्याला कशाला खर्च,’ असं तिच्या घरी ठरलं. पुढच्या वर्षी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जायला लागला. वय झालं म्हणून तिनं सहा महिने काढले. वय किती? बेचाळीस! तपासणीत बी-१२ खूप कमी निघालं. इंजेक्शनं घेऊन ती सावरली, पण एका पायाची बधिरता अजून पूर्ण गेलेली नाही. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. म्हणजे ऑपरेशन न होताच आपली ही अवस्था. झालेल्या बाईनं तर गाफील राहूच नये. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर लगेच चहाही नको. आणि सारख्या उलट्या होत असतील तर ‘पित्त असेल’ म्हणून घरी बसू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. ब-१ जीवनसत्त्व संपत गेलं तर मेंदूवर आणि नसांवर परिणाम होतो.

तरुण मुलींसाठी एक महत्त्वाचं. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण ऑपरेशननंतर किमान १२ ते १८ महिने गर्भारपण टाळायला सांगतात, कारण तेव्हा आईच्याच अंगात पुरेसं काही नसतं. सासरची मंडळी ‘आता लवकर पाळणा हलू दे’ म्हणत असतील तर नवऱ्याला डॉक्टरांसमोर बसवा.

हे सगळं पुस्तकात किंवा डॉक्टरांच्या कागदावर मिळेल. कागदावर नसतं ते घर. आमच्यातल्या एका शिक्षिकेनं सासरी काही सांगितलंच नव्हतं, पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. तीन महिन्यांनी भावजयीच्या डोहाळजेवणात आग्रह सुरू झाला. ‘आमच्या हातचं चालत नाही का?’ या प्रश्नाला आपल्याकडे उत्तरच नसतं. दोन पुरणपोळ्या पोटात गेल्या आणि मागच्या अंगणात ती ओकून ओकून अर्धमेली झाली. त्या रात्री तिनं नणंदेला खरं सांगितलं. आता कुठल्याही कार्याला नणंद तिच्या शेजारी बसते आणि वाढणाऱ्यांना परस्पर थोपवते. तिचं निम्मं ओझं तिथेच उतरलं.

माझ्या घरची गोष्ट वेगळी. आमच्याकडे बायकांचं जेवण सगळ्यांचं झाल्यावर, ओटा पुसून, कधी अडीच तर कधी तीन वाजता. सासूबाईंनी जन्मभर तसंच काढलं. ऑपरेशननंतर मला ठरल्या वेळी जेवणं भाग होतं, आणि एक वाटी जेवायला अर्धा तास लागायचा. पहिले काही दिवस मी स्वयंपाकघरात पाठमोरी बसून जेवत होते. एके दिवशी सासूबाईंनी माझं ताट उचलून बाहेर टेबलावर आणून ठेवलं आणि ह्यांना म्हणाल्या, ‘‘हिला वेळ लागतो, आधी हिला बसू दे.’’ मी म्हटलं, ‘‘तुम्हीपण बसा की.’’ त्या आधी नको-नको म्हणाल्या आणि मग बसल्या. सत्तरीच्या त्या माउलीला बीपीची सकाळची गोळी घेऊन दुपारी तीनपर्यंत उपाशी राहायची सवय होती. आता आमच्या घरी एक वाजता पहिली दोन ताटं वाढली जातात, त्यांचं आणि माझं.

यातूनच मला उमगलं, की ही शस्त्रक्रिया बाईकडून जे मागते ते आपल्या घरांत बाईला मिळतच नाही. स्वतःची ठरलेली वेळ, स्वतःचं ताट, बसून सावकाश जेवणं आणि ‘नको’ म्हणण्याचा अधिकार. ते मिळालं तर ऑपरेशन टिकतं.

राहिला प्रश्न उमेदीचा. पहिलं वर्ष कौतुकात जातं. ब्लाउज आटवायला टाका, पाटल्या सैल होतात, ओळखीचे लोक ओळखत नाहीत. दुसऱ्या वर्षी काटा थांबतो. कौतुक थांबतं. सैल पडलेली कातडी आरशात दिसायला लागते आणि गेलेली भूकही परत जाणवू लागते. माझं वजन ७४ पर्यंत उतरलं होतं, तिथून ७९ वर आलं. आमच्यातल्या बऱ्याच जणी याच टप्प्यावर ‘आपलं फुकट गेलं’ म्हणून रडल्या आहेत.

त्यांना मी स्वीडनमधला अभ्यास सांगते. तिथे १९८७ पासून चार हजारांहून अधिक लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. त्यांतल्या साधारण निम्म्यांचं ऑपरेशन झालं होतं. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे १२० किलोच्या बाईचा काटा ८२ पर्यंत जाऊन ९० वर टिकला. आणि ऑपरेशन न केलेल्यांच्या तुलनेत या लोकांमध्ये मृत्यूही कमी झाले. तेव्हा चार-सहा किलो परत येणं हे शरीराचं चालणंच आहे, त्यात हार कसली? सतत चढतच राहिलं तर मात्र लाजू नका, आहारतज्ज्ञांकडे परत जा.

आम्ही प्रत्येकीनं एक वही केली आहे. त्यात वजन लिहायचं नाही, शरीराला आता काय जमतं ते लिहायचं. माझ्या वहीत आहे, ‘तुळजापूरला दर्शन झाल्यावर पायऱ्या एका दमात चढून वर आले.’ एकीनं लिहिलंय, ‘सत्यनारायणाला पाटावर मांडी घालून बसले.’ एकीच्या वहीत एवढंच आहे, ‘चपलेचा पट्टा स्वतः लावला.’ उमेद खचली की आम्ही ही पानं मोठ्यानं वाचतो.

ज्या मैत्रिणी या ऑपरेशनचा विचार करताहेत, त्यांनी डॉक्टरांना खर्च, धोका, पथ्य सगळं विचारावंच. पण जायच्या आधी एकदा घरच्यांनाही समोर बसवून विचारा. एक वाजता माझं ताट वाढलं जाईल का? दर महिन्याच्या गोळ्या आणि दरवर्षीच्या तपासण्या घरखर्चात धराल का? पंगतीत मी ‘नको’ म्हटलं तर माझ्या बाजूनं कोण बोलेल? उत्तरं आत्ताच मिळाली तर बरं. आणि नाही मिळाली, तर तुमच्याच गावात शोधा. ऑपरेशन झालेली एखादी तरी असेल. तिच्या शेजारी जाऊन बसा.