वही मिटून बसा

प्रश्नमंजूषेचा संघ घडवायचा म्हणजे सहावी-सातवीच्या मुलांकडून राजधान्या आणि चलनं घोकून घ्यायची, हा समज सोडायला हवा. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते; आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे सरस ठरले. म्हणजे सरावाला वही मिटलेलीच हवी. पण नुसतं आठवणंही पुरत नाही. मध्य रेल्वेच्या कोपर स्थानकात खाली आणि वर अशा दोन पातळ्यांवर फलाट का, हे विचारून बघा. मुख्य मार्गावरून दिवा-वसई मार्ग पुलाने जातो, हे कळलं की वसईला जाताना दादरचा वळसा कसा टळतो, हा पुढचा प्रश्न मुलंच काढतात आणि नकाशा उघडतात.

या सरावात अभ्यासाचा वेळ जातो, ही पालकांची तक्रार समजण्यासारखी आहे; शिष्यवृत्ती परीक्षाही असतेच. पण सहावी आणि नववीसाठीच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेपुढे प्रात्यक्षिकही असतं, तिथे घोकंपट्टी तोकडी पडते. खरा आक्षेप संघाच्या निवडीवर घ्यावा: चार मुलं बोलणार, बाकीची बघणार. शिक्षकांनो, सराव अख्ख्या वर्गाचा घ्या आणि प्रश्न मुलांनाच काढू द्या.