खुर्च्या नसलेला व्हरांडा

आमच्या शेजारची एक मुलगी महिन्यातून दोन-तीनदा संध्याकाळी माझ्याकडे येते. वय २६. इतिहासात एम.ए., म्हणजे माझ्याच विषयाची. वडिलांच्या थोरल्या भावाला बंगालीत ‘जेठू’ म्हणतात. ती मला त्याच नात्याने हाक मारते. इतिहासावर आमचे बोलणे क्वचितच होते, कारण तिला माझा प्रिंटर हवा असतो. परीक्षेचे प्रवेशपत्र, शुल्क भरल्याची पावती, रहिवासाचा दाखला, असे काहीतरी दर वेळी छापायचे असते.

गेल्या महिन्यात ती आली तेव्हा छापायला काही नव्हते. तिचा अर्ज फेटाळला गेला होता. कारण दोन शब्दांत दिले होते : ‘नावात तफावत’. दहावीच्या, म्हणजे इथल्या ‘माध्यमिक’च्या, प्रवेशपत्रावर तिचे आडनाव मुखोपाध्याय आहे; आधार कार्डावर मुखर्जी. ही दोन्ही आडनावे एकच आहेत, हे बंगालमध्ये शाळकरी पोरालाही ठाऊक असते. संगणकाला ते ठाऊक नाही. आता प्रतिज्ञापत्रासाठी न्यायालयाच्या आवारात एक दिवस, आधार दुरुस्तीच्या केंद्रावर दुसरा दिवस, आणि दोन्ही दिवशी ती घेत असलेल्या शिकवण्या बुडणार. तोवर अर्जाची मुदत संपलेली असेल. मी म्हणालो, ‘‘एवढ्याशा गोष्टीने खचू नकोस.’’ ती म्हणाली, ‘‘जेठू, माझ्या आयुष्यात सगळ्या गोष्टी एवढ्याशाच असतात.’’

हे वाक्य मनातून जाईना. तरुणांच्या प्रश्नांची चर्चा आपण मोठ्या शब्दांत करतो : बेरोजगारीचा दर, कौशल्यविकास, लोकसंख्येचा लाभांश. पण तरुणाला शासन भेटते ते अशा मोठ्या शब्दांत नव्हे. ते भेटते बंद खिडकीपाशी, न उघडणाऱ्या संकेतस्थळावर, चार तासांच्या प्रवासावर दिलेल्या परीक्षा केंद्रावर. हे त्रास किरकोळ आहेत असे समजणे ही आपल्या प्रशासनाची जुनी आणि महागडी चूक आहे. तिच्या मुळाशी एक न बोललेले गृहीतक आहे : तरुणाचा वेळ फुकट असतो.

ही चूक किती जुनी, याचा एक दाखला कोलकात्याच्याच इतिहासात सापडतो. १८६९ मध्ये लंडनमध्ये झालेल्या सनदी सेवेच्या परीक्षेत चार भारतीय तरुण उत्तीर्ण झाले. त्यांपैकी दोघांची नावे कागदपत्रांतील वयाच्या घोळामुळे यादीतून वगळण्यात आली : कलकत्त्याचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या वेळी नोंदवलेले सुरेंद्रनाथांचे वय आणि लंडनमध्ये सांगितलेले वय जुळत नव्हते. आपल्याकडे वय सांगताना चालू वर्ष मोजण्याची रीत होती, इंग्रज पूर्ण झालेली वर्षे मोजत. सुरेंद्रनाथांनी न्यायालयात दाद मागितली, आणि दोघांचीही निवड कायम झाली. नावातील तफावतीचे म्हणाल, तर काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र आणि पुढे दोनदा अध्यक्ष झालेले सुरेंद्रनाथ यांनी बॅनर्जी हे एकच आडनाव इंग्रजीत निरनिराळ्या वर्णांनी लिहिले. आजच्या संगणकाने दोघांनाही एका कुळाचे मानले नसते. सुरेंद्रनाथांपाशी लंडनमध्ये वकील गाठण्याची ऐपत होती. माझ्या शेजारच्या मुलीपाशी आहे ती शिकवणीची मिळकत.

स्वातंत्र्यानंतरच्या कोलकात्यात हा विषय सर्वांत नेमका मांडला तो दोन चित्रपटांनी. सत्यजित राय यांचा ‘प्रतिद्वंद्वी’ १९७० चा, मृणाल सेन यांचा ‘इंटरव्ह्यू’ त्याच्या पुढच्या वर्षीचा. सेन यांच्या नायकाला परदेशी कंपनीच्या मुलाखतीसाठी सूट हवा असतो. सूट लाँड्रीत आहे आणि लाँड्री कामगारांचा संप सुरू आहे. मित्राकडून उसना आणलेला सूट बसमध्ये खिसेकापू पकडण्याच्या गडबडीत हरवतो. अखेर तो धोतर-कुडत्यात मुलाखतीला जातो आणि नोकरी हातची जाते. ‘प्रतिद्वंद्वी’तील सिद्धार्थ वडिलांच्या मृत्यूमुळे वैद्यकीय शिक्षण सोडून नोकरी शोधतो आहे. शेवटच्या मुलाखतीसाठी कितीतरी तरुण उकाड्यात व्हरांड्यात ताटकळत उभे असतात. खुर्च्या पुरेशा नसतात. एकजण भोवळ येऊन पडतो. सिद्धार्थ आत जाऊन खुर्च्या मागतो. त्याची कोणी दखल घेत नाही, आणि मग तो भडकतो.

त्या काळात हे शहर नक्षलवादी चळवळीने हादरले होते. त्या दिवसांचे विश्लेषण करणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. पण सिद्धार्थचा स्फोट क्रांतीच्या प्रश्नावर होत नाही, तो खुर्च्यांवरून होतो. सनदी सेवेत असताना मी हा प्रसंग अतिशयोक्त समजत असे. निवृत्तीनंतर तो मला अचूक वाटू लागला आहे.

आज तो व्हरांडा उरला नाही. त्याची जागा संकेतस्थळाने आणि मैदानाने घेतली आहे. पश्चिम बंगालमध्ये शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या निवडीसाठी २०१६ मध्ये राज्यस्तरीय परीक्षेची प्रक्रिया सुरू झाली. निवड यादीतील गैरप्रकारांविरुद्ध उमेदवारांनी २०१९ मध्ये २९ दिवस उपोषण केले. पुढे मेयो रोडवरील गांधी पुतळ्यापाशी धरणे सुरू झाले. ९ डिसेंबर २०२३ हा त्या धरण्याचा हजारावा दिवस होता. त्या दिवशी एका महिला उमेदवाराने सर्वांसमोर मुंडन करून घेतले. २२ एप्रिल २०२४ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने २५,७५३ नियुक्त्या रद्द केल्या आणि ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. यादीबाहेरून, यादीची मुदत संपल्यावर, एवढेच नव्हे तर कोऱ्या उत्तरपत्रिका देऊन नेमणूक मिळवलेले लोक त्यात होते. मूळ उत्तरपत्रिका नष्ट झाल्यामुळे खरे-खोटे वेगळे करणे अशक्य ठरले, आणि ज्यांच्यावर ठपका नव्हता त्यांच्याही नोकऱ्या गेल्या. ७ आणि १४ सप्टेंबर २०२५ रोजी शिक्षकपदांसाठी नव्याने परीक्षा झाली. २०१६ मध्ये पंचविशीत असलेले उमेदवार आता चौतिशीत पुन्हा त्याच बाकावर बसले होते.

या प्रकरणाचा राजकीय हिशेब इतरांनी मांडला आहे. मला त्यातली एक विसंगती दिसते. ज्या व्यवस्थेत आडनावाच्या एका रूपामुळे प्रामाणिक अर्ज बाद होतो, त्याच व्यवस्थेत कोरी उत्तरपत्रिका निवड यादीपर्यंत पोचते. म्हणजे आपली कडक छाननी दारात उभ्या असलेल्या माणसासाठी आहे; घरात शिरलेल्यासाठी नाही.

हे दुखणे एकट्या बंगालचे नाही. २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी २२.०५ कोटी अर्ज आले आणि ७.२२ लाख उमेदवारांची शिफारस झाली, अशी माहिती सरकारने जुलै २०२२ मध्ये लोकसभेत दिली. एका शिफारशीमागे सुमारे ३०५ अर्ज. अर्ज भरायला, छायाचित्राचे आकारमान जुळवायला, शुल्क भरायला आणि पावती छापायला प्रत्येकी फक्त दोन तास धरले, तरी ४४ कोटी तास होतात. आठ तासांचा दिवस मानला तर साडेपाच कोटी दिवस. यात अभ्यास, प्रवास आणि निकालाची प्रतीक्षा धरलेली नाही. कोणत्याही अर्थसंकल्पात या वेळेची नोंद नसते, कारण तो खर्च सरकारच्या खिशातून जात नाही.

‘उमेद’ हा मूळ फारसी शब्द, म्हणजे आशा. बंगालीत ‘उमेदार’ म्हणजे नोकरीसाठी आर्जव करणारा. मराठीत ‘उमेदवारी’ म्हणजे बिनपगारी शिकण्याचा काळ, असे मराठी सहकाऱ्यांकडून मी ऐकले होते. दोन्ही भाषांनी आशेला बिनमोल राबायला लावले आहे.

या चुकीत माझाही वाटा आहे, तो सांगितला पाहिजे. १९८० च्या दशकात मी एका जिल्ह्यात नव्याने रुजू झालो होतो. त्या काळी प्रत्येक प्रमाणपत्राच्या नकलेवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागे. संध्याकाळी निवासस्थानाच्या फाटकाशी कागदांची भेंडोळी घेऊन मुले उभी राहत. मूळ कागद न पाहताच मी सह्या करीत असे. त्या सहीने काय सिद्ध होते, हा प्रश्न मला पडला नाही. एकदा पावसाळ्यात एक मुलगा लांबच्या गावाहून आला. मी जेवायला बसलो होतो. शिपायाला म्हणालो, उद्या यायला सांग. तो पुन्हा आला नाही. काही दिवसांनी शिपाई सहज बोलून गेला की त्या अर्जाची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती आणि नदीला पाणी आल्यामुळे त्याला फिरून येणे शक्य नव्हते. मी नियम मोडला नव्हता. माझ्या गोपनीय अहवालात त्या संध्याकाळची नोंद होण्याचे कारण नव्हते. त्या मुलाच्या आयुष्यात मात्र ती झाली असणार.

२०१४ मध्ये केंद्र सरकारने उमेदवाराच्या स्वतःच्या साक्षांकनावर भर दिला आणि सह्यांची ती प्रथा मागे पडू लागली. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखतीही रद्द झाल्या. दोन्ही सुधारणा चांगल्या होत्या आणि त्यांनी आभाळ कोसळले नाही. पण फाटकाशी उभे राहण्याचा प्रकार संपला तसा संगणकापुढे बसून राहण्याचा सुरू झाला. अधिकाऱ्याला निदान गयावया करता येत होती. ‘नावात तफावत’ लिहिणाऱ्या यंत्राला काही सांगता येत नाही.

यावर सेवेतील माझे मित्र म्हणतात : अर्ज लाखांनी येतात, तोतये असतात, सैल सोडून कसे चालेल? आक्षेप रास्त आहे. प्रश्नपत्रिका फुटण्याच्या घटनांनंतर संसदेला २०२४ मध्ये गैरप्रकारविरोधी कायदा करावा लागला. पण त्रास आणि दक्षता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रामाणिक उमेदवाराचा त्रास वाढवल्याने तोतया अडत नाही. पैसे मोजून आलेल्याला असल्या त्रासातून वाट काढून देणारे दलाल त्याच किमतीत मिळतात.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच कुठे ना कुठे झाल्याही आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोग दर वर्षी परीक्षांचे वेळापत्रक आधी जाहीर करतो आणि २०२२ पासून त्याच्याकडे एकदाच कायमची नोंदणी करता येते; प्रत्येक राज्याच्या निवड मंडळाला हे जमायला हवे. तफावत आढळली तर अर्ज फेटाळण्यापूर्वी दुरुस्तीसाठी १५ दिवस द्यावेत. २०१८ पासून रेल्वे भरतीत ५०० रुपये शुल्कापैकी ४०० रुपये परीक्षेला बसणाऱ्याला परत मिळू लागले. याउलट महाराष्ट्रात २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या गटाला १,००० आणि राखीव गटाला ९०० रुपये मोजावे लागले. उमेदवाराच्या खिशावर निवड प्रक्रिया चालवणे योग्य नव्हे. उत्तरपत्रिकेची प्रत प्रत्येकाच्या हाती द्यावी, म्हणजे मूळ कागद नष्ट झाले तरी पुरावा उरतो.

शेवटची गोष्ट जबाबदारीची. पश्चिम बंगालने २०१३ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचे कायदे केले. महाराष्ट्राच्या कायद्यात विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दाखला वेळेत मिळण्याचा हक्क आपण मान्य केला. मग तो दाखला जोडून दिलेल्या परीक्षेचा निकाल वेळेत मिळण्याचा हक्क का नसावा? निकालाची तारीख जाहिरातीतच छापावी आणि ती चुकली तर विलंबाइतकी वयोमर्यादा आपोआप वाढावी. उमेदवाराला उशीर झाला तर त्याचा अर्ज बाद होतो. सरकारला उशीर झाला तर उमेदवाराचे वय बाद होते. हा व्यवहार बरोबरीचा नाही.

गेल्या आठवड्यात ती मुलगी पुन्हा आली. प्रतिज्ञापत्र झाले आहे. त्यानुसार मुखोपाध्याय आणि मुखर्जी ही एकच व्यक्ती आहे. ज्या जागेसाठी ते केले तिची मुदत टळून गेली, पण पुढच्या अर्जाला ते उपयोगी पडेल. तिला त्याच्या सहा प्रती हव्या होत्या. प्रिंटर तापेपर्यंत ती दाराशी उभीच होती, इतक्या वर्षांची सवय असल्यासारखी. मी उठून तिला खुर्ची दिली.